वायफाय गप्प आहे की तक्रार करतंय? लिनक्सवरचा ड्रायव्हर आणि फर्मवेअर

लिनक्स नव्यानं टाकलं, सगळं नीट चाललं, फक्त वायफायचं चिन्ह कुठेच दिसत नाही. अशा वेळी ज्याला विचाराल तो एकच सल्ला देतो: "ड्रायव्हर टाक." मीही बरीच वर्षं हाच सल्ला लोकांना देत होतो आणि स्वतः पाळत होतो. एका जुन्या लॅपटॉपवर तर रात्री उशिरापर्यंत बसून ड्रायव्हरचा सोर्स कोड कंपाइल केला, म्हणजे मूळ कोडपासून चालणारी फाइल बनवली. मध्येच त्यासाठी लागणारं कर्नल हेडर्सचं पॅकेज कमी पडलं (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), ते फोनचं नेट यूएसबीनं जोडून आणलं. मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हरचा तुकडा, बसलं एकदाचं, पण वायफाय काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कर्नलचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, नीट वाचला तेव्हा कळलं की कर्नलसोबत आलेला मूळ ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून जागेवर होता आणि बिचारा एका फाइलच्या नावानं हाका मारत होता. ती फाइल फर्मवेअरची, म्हणजे वायफाय कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हा घोळ होतो कारण ड्रायव्हर नसो वा फर्मवेअर, बाह्य लक्षण एकच: वायफाय नाही. पण हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत आणि वेगवेगळ्या प्रोसेसरवर चालतात.

ड्रायव्हर कर्नलचा भाग असतो आणि तुमच्या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. बहुतेक वेळा तो मॉड्यूलच्या रूपात '/लिब/मॉड्यूल्स'मध्ये पडून असतो आणि कार्ड दिसलं की आपोआप चढतो. इंटेलच्या कार्डांना 'आयडब्ल्यूएल-वायफाय', जुन्या अथेरॉसना 'एटीएच९के', रिअलटेकच्या अलीकडच्या कार्डांना 'आरटीडब्ल्यू८८' आणि 'आरटीडब्ल्यू८९', मीडियाटेकला 'एमटी७६' अशी ही मंडळी. कार्डाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे यांना माहीत असतं.

फर्मवेअर चालतं ते कार्डावर. आजच्या वायफाय कार्डात स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि थोडी मेमरी असते. रेडिओ कधी चालू करायचा, पोचपावती किती मायक्रोसेकंदांत द्यायची, वीज कशी वाचवायची ही घाईची कामं तिथेच उरकली जातात, कारण मुख्य प्रोसेसरला विचारत बसायला वेळच नसतो. काही कार्डांत तर नेटवर्क शोधण्यापासून जोडणी करण्यापर्यंत जवळपास सगळंच फर्मवेअर पाहतं. ब्रॉडकॉमची 'बीआरसीएम-एफमॅक'वाली कार्डं या घराण्यातली. कर्नलच्या दृष्टीनं हे फर्मवेअर म्हणजे बाइट्सचं बांधलेलं गाठोडं. तो ते उघडून बघत नाही. '/लिब/फर्मवेअर'मधून उचलतो आणि ड्रायव्हरच्या हाती देतो, ड्रायव्हर ते कार्डाच्या मेमरीत ओततो. वीज गेली की ती मेमरी कोरी. म्हणून दर वेळी संगणक चालू करताना हे ओतणं नव्यानं होतं.

(बायोसच्या अपडेटलाही आपण 'फर्मवेअर अपडेट'च म्हणतो. ते फर्मवेअर चिपवर कायमचं लिहिलं जातं. त्याचा इथे संबंध नाही, शब्द तेवढा सारखा.)

विंडोजवर हा फरक कधी जाणवत नाही, कारण तिथे 'ड्रायव्हर' नावाच्या एकाच इन्स्टॉलरमध्ये दोन्ही गोष्टी बांधून येतात. लिनक्सवर त्या दोन वाटांनी येतात. ड्रायव्हर कर्नलसोबत येतो, त्याचा सोर्स कोड खुला असतो. फर्मवेअर येतं 'लिनक्स-फर्मवेअर' नावाच्या वेगळ्या संग्रहातून. ते बहुतेक वेळा बंद असतं. कंपनीनं फक्त वाटण्याची परवानगी दिलेली असते. डेबियन या लिनक्सच्या वितरणानं याच कारणासाठी अनेक वर्षं असं फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं. तत्त्व म्हणून ठीक, पण वायफायचं फर्मवेअर नेटवरून आणायचं आणि नेट मात्र वायफायवर, म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे बदललं आणि जून २०२३मध्ये आलेल्या डेबियन १२पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा स्वतंत्र विभाग होऊन ते इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांची कथा याहून गमतीची: त्यांच्या फर्मवेअरला वाटण्याचीही परवानगी नव्हती. म्हणून 'बी४३-एफडब्ल्यूकटर' नावाचं एक साधन लिहिलं गेलं, जे कंपनीच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या फाइलमधून फर्मवेअरचा तुकडा कापून काढतं. नावातच कातरी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. फर्मवेअर मागतो कोण? ड्रायव्हर. म्हणजे फर्मवेअर नसल्याची तक्रार लॉगमध्ये दिसली तर ड्रायव्हर हजर आहे, त्यानं कार्ड ओळखलंय आणि तो कामाला लागलाय. आणि ड्रायव्हरच नसेल तर तक्रार करायला कुणीच नाही, लॉगमध्ये त्या कार्डाबद्दल शुकशुकाट. फर्मवेअर नसलं की आरडाओरडा, ड्रायव्हर नसला की शांतता. एवढं जरी लक्षात राहिलं तरी माझ्यासारखी रात्र जागवावी लागणार नाही.

प्रत्यक्ष बघू. टर्मिनलला देवनागरी कळत नाही, तेव्हा आज्ञा रोमन छोट्या अक्षरांतच टाइप करा. 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) म्हटलं की यादी येते. त्यात नेटवर्क कार्डाची ओळ शोधायची. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन भागांचा आकडा असतो: पहिला भाग कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. ८०८६ म्हणजे इंटेल (हा आकडा पाहून जुन्या लोकांना गहिवरून येतं). खोक्यावरच्या नावापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा. एकाच नावाच्या यूएसबी डोंगलमध्ये आवृत्तीगणिक वेगळी चिप असते. डोंगल असेल तर आज्ञा 'एलएसयूएसबी'.

'एलएसपीसीआय'च्या यादीत कार्डाच्या ओळीखाली आणखी दोन ओळी असायला हव्यात: 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' आणि 'कर्नल मॉड्यूल्स'. दुसरी ओळ सांगते की या कार्डाला चालेल असं मॉड्यूल डिस्कवर आहे. पहिली सांगते की सध्या ते कार्डाला जोडलेलं आहे. दोन्ही ओळी गायब असतील तर तुमच्या कर्नलला हे कार्ड ठाऊकच नाही, दुखणं ड्रायव्हरचं.

इथवर सोपं आहे. फसगत होते ती दुसरी ओळ आहे आणि पहिली नाही अशा वेळी. वाटतं, ड्रायव्हर चढलाच नाही. पण इंटेलचा ड्रायव्हर फर्मवेअर सापडलं नाही की कार्डावरचा हात स्वतःच काढून घेतो आणि 'इन यूज'ची ओळ गायब होते. म्हणजे दुखणं फर्मवेअरचं आणि लक्षण ड्रायव्हरचं. माझ्या त्या रात्रीचं मूळ हेच होतं. म्हणून या यादीवर थांबायचं नाही, पुढे 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) या आज्ञेनं कर्नलचा लॉग बघायचाच.

लॉगमध्ये इंटेलच्या एखाद्या कार्डाची तक्रार साधारण अशी दिसते: 'डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर आयडब्ल्यूएल-वायफाय-सीसी-ए०-७७.यूकोड फेल्ड विथ एरर -२'. हा उणे दोन म्हणजे 'अशी फाइल नाही', एवढाच निरोप. मग त्याच ओळी ७६, ७५, ७४ अशा उतरत्या आकड्यांनी येतात. ड्रायव्हर पायऱ्या उतरत असतो: सगळ्यात नवं फर्मवेअर आहे का? नाही? मग त्याआधीचं? शेवटी एकही मिळालं नाही की 'नो सुटेबल फर्मवेअर फाउंड' लिहून, कमीत कमी आणि जास्तीत जास्त कुठली आवृत्ती चालेल तेही सांगून टाकतो. याहून स्पष्ट चिठ्ठी कुठला ड्रायव्हर लिहिणार?

पण प्रत्येक उणे दोनला घाबरू नका. वरच्या दोनतीन पायऱ्या चुकल्या आणि पुढे 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ आली, तर काम झालेलं असतं. 'आयडब्ल्यूएल-डीबग-योयो.बिन' नावाची फाइल सापडली नाही म्हणून लोक हैराण होतात; ती फक्त डीबगिंगसाठी असते, नसली तरी काही अडत नाही. 'रेग्युलेटरी.डीबी'ची तक्रारही फर्मवेअरसारखीच दिसते, पण तो कुठल्या देशात कुठल्या वारंवारता चालतात याचा तक्ता आहे. 'वायरलेस-रेगडीबी' पॅकेज टाकलं की ती ओळ जाते. वायफाय अजिबात दिसत नसेल तर त्याचं कारण ती नव्हे.

उपायही दोघांचे वेगळे. फर्मवेअर म्हणजे नुसती फाइल. डेबियनवर कंपनीनुसार 'फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय', 'फर्मवेअर-रिअलटेक' अशी पॅकेजेस आहेत, उबुंटू आणि आर्च या वितरणांवर 'लिनक्स-फर्मवेअर'. दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हनं आणलं तरी चालतं. मग 'मॉडप्रोब -आर'नं मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवायचं, की चिन्ह हजर. कंपाइल करण्यासारखं यात काही नाहीच. एक बारीक खोच मात्र आहे: हल्ली या फाइली दाबून ठेवलेल्या असतात. शेवटी '.झेडएसटी' असलेली फाइल ५.१९च्या आधीच्या कर्नलला वाचता येत नाही. फाइल डोळ्यांसमोर आहे आणि कर्नल म्हणतो नाही, असं झालं तर आधी शेपटी बघा.

ड्रायव्हर नसेल तर प्रकरण जड. पहिला प्रश्न असा की कर्नल कार्डापेक्षा जुना आहे का. रिअलटेकच्या ८८५२एई कार्डाचा ड्रायव्हर कर्नल ५.१६मध्ये, म्हणजे जानेवारी २०२२मध्ये आला. त्याआधीच्या कर्नलवर फर्मवेअरच्या हजार फाइली ओतल्या तरी त्या उचलणारं कुणी नाही. नवा कर्नल घेणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. दुसरा मार्ग डीकेएमएसचा: बाहेरचा सोर्स कोड आणायचा आणि कर्नल बदलला की तो दर वेळी पुन्हा कंपाइल होत राहील अशी सोय करायची. चालतो, पण कर्नल बदलल्यावर कधी तो कंपाइलच होत नाही आणि नेमकं घाईच्या सकाळी वायफाय जातं. शिवाय सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल दारातूनच परत पाठवतो, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणत. तिथे ड्रायव्हर आहे, पण ओळखपत्र नाही. 'मोकयूटिल'नं आपली किल्ली नोंदवावी लागते.

वायफाय आहे, पण मध्येच तुटतं, त्याचं काय? इथेही लॉगच सांगतो. 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड' दिसलं तर कार्डावरचं फर्मवेअर कोसळलं आणि ड्रायव्हर त्याला उठवून उभं करतोय. उणे ११० दिसलं तर हाक मारली पण वेळेत उत्तर आलं नाही. असं एखादं कार्ड विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या संगणकावर रुसलं, तर विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करून पाहा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड लिनक्सच्या हाती अर्धवट अवस्थेत येऊ शकतं. नुसतं रीस्टार्ट करूनही कार्डाची वीज जातेच असं नाही. पूर्ण बंद करा, चार्जर काढा, अर्धा मिनिट थांबा. हा उपाय बाबा आदमच्या काळातला वाटतो, पण कार्डाची मेमरी खरोखर कोरी होते ती अशी.

आणि 'आयपी लिंक' (ip link) या आज्ञेच्या यादीत 'डब्ल्यूएल'नं सुरू होणारं नाव दिसत असेल तर बहुधा ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोघेही निर्दोष. मग रेडिओ कुणी बंद केलाय का हे सांगणारी 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) बघा: 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर आज्ञेनं सुटतं, 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर लॅपटॉपवरचं बटण किंवा बायोसमधली नोंद.

फर्मवेअर लागतच नाही अशीही कार्डं आहेत. 'एटीएच९के'ची पीसीआय कार्डं कर्नलच्या भरवशावर चालतात, फाइल मागत नाहीत. त्याच घराण्यातल्या यूएसबी डोंगलांना फर्मवेअर लागतं, पण त्याचा सोर्स कोड खुला आहे. बंद कोड नको असणारे लोक ही जुनी कार्डं अजून जपून ठेवतात ती यामुळेच.

माझ्या त्या लॅपटॉपचं शेवटी काय झालं? पेनड्राइव्हवरून फर्मवेअरचं पॅकेज टाकलं, काम दोन मिनिटांत व्हायला हवं होतं. पण रात्री कंपाइल केलेलं माझं मॉड्यूल 'अपडेट्स' फोल्डरमध्ये जाऊन बसलेलं. तिथल्या मॉड्यूलला कर्नलच्या मॉड्यूलपेक्षा आधी मान मिळतो, त्यामुळे दर वेळी तेच चढायचं आणि त्याला हवी असलेली फर्मवेअरची फाइल वेगळ्याच नावाची. ते शोधून काढून टाकायला आणखी एक दुपार गेली.