महासाथीतील दूरस्थ दंतवैद्यक शिक्षण

कोविड-१९ च्या महासाथीत दंतवैद्यकीय महाविद्यालये बंद असताना संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांच्या आधारे चालवलेले दंतवैद्यकाचे अध्यापन, सराव व मूल्यमापन. भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमाचे वर्ग झूम, गूगल मीट यांसारख्या मंचांवर भरू लागले.

वैद्यकाच्या सर्व शाखांत दंतवैद्यकाची अडचण वेगळी होती. दात कोरणारा एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. तो तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा चालू असतो आणि या फवाऱ्यासोबत लाळेचे व रक्ताचे सूक्ष्म कण हवेत पसरतात. रुग्णाला मुखपट्टी लावता येत नाही आणि विद्यार्थ्याचा चेहरा त्याच्या तोंडापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो. त्यात महाविद्यालयांतील उपचारकक्षांत एकाच दालनात अनेक खुर्च्या मांडलेल्या असतात. म्हणून सुरुवातीच्या काळात तातडीचे उपचार सोडून बाकीची कामे लांबणीवर टाकली गेली, आणि त्यासोबत विद्यार्थ्यांना सरावासाठी रुग्णही मिळेनासे झाले.

बीडीएसची चार वर्षे आणि त्यानंतरची वर्षभराची इंटर्नशिप या क्रमात फटका सर्वांना सारखा बसला नाही. पहिल्या दोन वर्षांत मूलभूत विषय आणि मेण, प्लास्टर, टायपोडाँट (कृत्रिम दात बसवलेला जबड्याचा नमुना) यांवरचा सराव असतो; प्रत्यक्ष रुग्ण तिसऱ्या वर्षापासून येतात. शेवटच्या वर्षातल्यांचे नुकसान त्यामुळे सर्वांत जास्त होते, कारण त्यांच्या हातात वेळ उरलेला नव्हता.

व्याख्याने, क्ष-किरण प्रतिमांचे वाचन, ऊतींच्या काचपट्ट्या आणि रुग्णचर्चा यांचे काम पडद्यावर चांगले चालले. प्रात्यक्षिकांच्या चित्रफितींचा तर खरा लाभ झाला. एरवी शिक्षकाच्या खुर्चीभोवती घोळका जमतो आणि मागच्यांना शिक्षकाची पाठच दिसते. चित्रफितीत दाढेचा खड्डा प्रत्येकाला सारखाच दिसतो आणि हवा तितक्या वेळा पाहता येतो. मेणात दात कोरण्याचा सराव घरी शक्य होता. मेण नसेल तिथे साबणाची वडीही चालली. छायाचित्रावरून तपासणी मात्र अपुरी पडे. कोरलेला दात हातात फिरवून पाहिल्याशिवाय त्याचे फुगवटे नीट कळत नाहीत.

न शिकवता आले ते बोटांचे ज्ञान. वरच्या दाढेवर काम करताना दात थेट दिसत नाही, आरशातल्या उलट्या प्रतिमेकडे पाहून हात चालवावा लागतो. रूट कॅनलसाठी दात उघडताना बर (कोरणारे टोक) दंतमज्जेच्या, म्हणजे दाताच्या आतील मऊ ऊतीच्या, पोकळीत उतरतो तो क्षण बोटांना जाणवतो, पुष्कळदा डोळ्यांना दिसण्याआधी. दाताच्या मुळातील नलिकेत फाइल (ती साफ करणारे सुईसारखे अवजार) कुठे अडते आणि तिथे जोर लावायचा की थांबायचे, हेही स्पर्शानेच ठरते. चुकीचा जोर लागला तर फाइल आतच तुटते.

यावर उपाय म्हणून स्पर्शानुभव देणाऱ्या सिम्युलेटरांकडे बोट दाखवले जाते. ॲमस्टरडॅमच्या दंतवैद्यकीय संस्थेच्या सहभागातून विकसित झालेला सिमोडाँट हे त्याचे परिचित उदाहरण. त्यात इनॅमल (दाताचे बाहेरचे आवरण) कठीण लागते आणि कीड लागलेला भाग मऊ, कारण यंत्र हातातल्या दांड्यावर तसा प्रतिरोध निर्माण करते. पण हे यंत्र महाग असते आणि प्रयोगशाळेत बसवलेले असते. डिजिटल साधन आणि घरबसल्या शिक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महासाथीच्या चर्चेत त्यांची गल्लत फार झाली. गावी अडकलेल्या विद्यार्थ्याजवळ बहुधा एक मोबाइल आणि डोंगराआड जाणारे नेटवर्क एवढेच होते.

मूल्यमापनातही हीच मर्यादा आड आली. बहुपर्यायी प्रश्न व तोंडी परीक्षा ऑनलाइन घेता येतात, पण भरलेल्या दाताची कड सलग आहे का, हे एक्सप्लोरर (तपासणीचे टोकदार अवजार) फिरवूनच पाहावे लागते. महाविद्यालये पुन्हा उघडल्यावर मुखपट्टी, चेहऱ्याचे कवच आणि जास्त क्षमतेचे शोषणयंत्र यांसह रुग्णसेवा टप्प्याटप्प्याने सुरू झाली.