मालिकांच्या फाइलींना नावं कशी द्यावीत
मीडिया सर्व्हर, मीडिया प्लेअर किंवा हार्ड डिस्क घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

फाइली डिस्कवर आहेत, उघडल्या तर चालतातही, पण प्लेअरच्या यादीत मालिका दिसत नाही. किंवा दिसते ती भलत्याच मालिकेचं पोस्टर लावून. अशा वेळी यंत्र सहसा ठीक असतं, नावं चुकलेली असतात. कोडी, जेलीफिन आणि प्लेक्स यांपैकी कुठलाही प्लेअर चित्र पाहून मालिका ओळखत नाही. फोल्डरचं आणि फाइलचं नाव वाचायचं, त्यावरून टीएमडीबी किंवा टीव्हीडीबी या इंटरनेटवरच्या माहितीसाठ्यांत शोधायचं आणि तिथून भागाचं शीर्षक, सारांश, पोस्टर आणायचं, एवढंच तो करतो. म्हणून डिस्क जोडण्याआधी नावांकडे लक्ष द्या, अशी आग्रहाची विनंती.

फोल्डर

मालिकांचा मुख्य फोल्डर वेगळा आणि चित्रपटांचा वेगळा. मालिकांच्या फोल्डरमध्ये प्रत्येक मालिकेला स्वतंत्र फोल्डर, त्याच्या पोटात प्रत्येक सीझनचा. मालिकेच्या नावापुढे ती सुरू झाली ते वर्ष कंसात घाला. याचा कंटाळा करू नका. बी. आर. चोप्रांची ‘महाभारत’ दूरदर्शनवर १९८८ मध्ये सुरू झाली, त्याच नावाची दुसरी मालिका स्टार प्लसवर २०१३ मध्ये आली. पहिलीचे भाग ९४, दुसरीचे अडीचशेच्या वर. वर्ष नसेल तर प्लेअर दोन्हींतली कुठलीही उचलू शकतो. ‘रामायण’चंही तेच: एक १९८७ ची, एक २००८ ची.

फाइल

पूर्ण नाव असं दिसेल:

महाभारत (१९८८) - एस०१ई०५.एमकेव्ही

एस म्हणजे सीझन, ई म्हणजे एपिसोड. पत्रकात आम्ही हे देवनागरीत छापलं आहे. प्रत्यक्ष फाइलला इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच द्या, कारण प्लेअर तीच खूण शोधतात. मालिकेचं नाव देवनागरीत ठेवायला काँप्युटरची हरकत नसते, पण काही जुन्या टीव्हींवर अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात. शिवाय लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइट्सची मर्यादा असते. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट्स घेतं, त्यामुळे लांबलचक शीर्षक मधेच अडतं.

आकड्याआधीचं शून्य गाळू नका. पेन ड्राइव्ह थेट टीव्हीला लावली की बरेच टीव्ही १ नंतर १०, ११ दाखवतात आणि २ कुठेतरी खाली जातो. शंभराच्या वर भाग असतील तर तीन आकडी क्रमांक द्या: ई००५.

एकाच फाइलमध्ये दोन भाग असले तर एस०१ई०५-ई०६ लिहा. तासाभराचा महाएपिसोड माहितीसाठ्यात एक भाग धरला आहे की दोन, हे आधी पाहून घ्या. पडद्यामागचे किंवा दिवाळी विशेष असे क्रमाबाहेरचे भाग सीझन ०० मध्ये जातात.

रोजच्या मालिकांना भागाचा क्रमांक ठाऊक नसेल तर प्रसारणाची तारीख चालते. ती वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच लिहा. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकाखाली एक येतात.

डीव्हीडीवरून घेतलेल्या मालिका

सर्वात जास्त घोळ इथे होतो. डीव्हीडी संचात भागांचा क्रम प्रसारणापेक्षा कधीकधी वेगळा असतो, तर कधी दोन भाग जोडून एक केलेला असतो. त्यामुळे डीव्हीडीवरच्या अनुक्रमावर विसंबू नका. टीएमडीबीवर मालिकेचं पान उघडा, प्रत्येक फाइलची पहिली दोन मिनिटं पाहा, शीर्षक जुळवा आणि मगच क्रमांक द्या.

विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडून एफ२ दाबलं की एका झटक्यात नावं बदलतात खरी, पण ती ‘महाभारत (१)’, ‘महाभारत (२)’ अशी होतात आणि त्यात सीझन-एपिसोडची खूण नसते. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं पॉवररिनेम वापरा. ते फुकट आहे आणि बदल आधी दाखवतं. टिंबानंतरची शेवटची अक्षरं (वरच्या नावात ‘एमकेव्ही’, म्हणजे फाइलचा प्रकार) मात्र बदलू नका. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखी दोन टिंबं गाळा, विंडोज ती स्वीकारत नाही. सबटायटलच्या फाइलला व्हिडिओचंच नाव द्या आणि शेवटी भाषेची खूण जोडा, मराठीसाठी ‘.एमआर.एसआरटी’.

मराठी मालिका सापडली नाही तर

अनेक जुन्या मराठी मालिकांची नोंद या माहितीसाठ्यांत अपुरी आहे, काहींची नाहीच. तेव्हा मालिकेच्या फोल्डरमध्ये ‘पोस्टर.जेपीजी’ नावाने एक चित्र ठेवा आणि भागाचं शीर्षक फाइलच्या नावातच क्रमांकापुढे लिहा. त्याहून चांगला उपाय म्हणजे नोंद स्वतः करणं. टीएमडीबी लोकांनीच भरलेला साठा आहे, खातं मोफत उघडता येतं. तुमच्याकडे भागांची यादी आणि कलाकारांची नावं असतील तर ती जरूर भरा. ती मालिका ज्यांच्या ज्यांच्या घरी आहे, त्या सगळ्यांना ही माहिती मिळेल.

नावं बदलून झाली की लायब्ररी पुन्हा स्कॅन करा. तरीही चुकीची मालिका चिकटून राहिली तर जेलीफिनमध्ये ‘आयडेंटिफाय’ आणि प्लेक्समध्ये ‘फिक्स मॅच’ निवडून योग्य ती हाताने दाखवता येते. तेही जमलं नाही तर डिस्क दुकानात घेऊन या. येण्यापूर्वी तिची एक प्रत घरी काढून ठेवा, आणि कुठल्या मालिका डीव्हीडीवरून घेतल्या आहेत तेवढं कागदावर लिहून आणा.