फवारणी करणाऱ्याच्या रक्तात काय घडतं?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यापर्यंत पोचली होती. गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला (अळीला मारक जनुक घातलेल्या वाणाला) दाद देईनाशी झाली होती, म्हणून फवारण्या वाढल्या. त्या हंगामात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. काहींना काही काळ दिसेनासं झालं.

पीक गुडघ्याएवढं असताना फवारा खाली पडतो. तेच डोक्याएवढं झालं की तुषार तोंडावर येतात आणि ओल्या पानांतून वाट काढताना कपडे चिंब होतात. पंप गळका असला तर औषध पाठीवरून कमरेखाली ओघळतं. पॅराथिऑन हे कीटकनाशक त्वचेतून किती शिरतं, हे अमेरिकी संशोधकांनी 1971 साली माणसांवर मोजलं होतं. कोपराखालच्या हातातून सुमारे 9 टक्के, कपाळातून 36, काखेतून 64 आणि अंडकोशाच्या त्वचेतून जवळजवळ सगळंच. म्हणजे नुसते हातमोजे आणि तोंडाला रुमाल पुरत नाहीत. भिजलेली पँट दिवसभर अंगावर राहणं जास्त घातक आहे, आणि हे फवारणाऱ्याला कुणी सांगत नाही याचा मला राग येतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं पॅराथिऑनच्याच, ऑर्गॅनोफॉस्फेट कुळातली. नसेकडून स्नायूला निरोप पोचवणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटाइलकोलीन. काम झालं की कोलिनएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) ते लगेच तोडून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकरालाच जखडतं. मग निरोप थांबतच नाहीत. घाम आणि लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो. अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याने जीव वाचू शकतो, पण ते जखडलेलं विकर सोडवत नाही.

दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळण्याची सवय तर फारच धोक्याची. सायपरमेथ्रिनसारख्या दुसऱ्या कुळातल्या कीटकनाशकाचा निचरा शरीरातली जी विकरं करतात, त्यांनाही प्रोफेनोफॉस निकामी करतं. त्यामुळे एकाचं विष दुसऱ्यामुळे आणखी चढतं.

आजची थोडी बाधा उद्यापर्यंत उतरत नाही, हे तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. तांबड्या पेशींतलं कोलिनएस्टरेज दिवसाला जेमतेम 1 टक्का भरून येतं. रोज पंप उचलणाऱ्याची पातळी काही त्रास न जाणवताही घसरत जाते आणि एखाद्या दिवशी नेहमीएवढीच फवारणी त्याला आडवं करते. ही घसरण साध्या रक्ततपासणीत दिसते. अशी औषधं नियमित हाताळणाऱ्या कामगारांचं रक्त कॅलिफोर्नियात कामाआधी तपासावं लागतं. पुढे ही पातळी मूळच्या 70 टक्क्यांवर किंवा त्याखाली आली, तर त्यांना त्या कामावरून बाजूला काढणं तिथे बंधनकारक आहे. कापसाच्या पट्ट्यात ही तपासणी पहिल्या फवारणीआधी, गावातच व्हायला हवी. मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं रोजंदारीच्या माणसाला परवडत नाही.