पार्श्वभूमी : गुलामांच्या वंशजांनी जपलेला सेगा

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारीला सार्वजनिक सुट्टी असते. १८३५ साली याच दिवशी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. त्या गुलाम पूर्वजांची सर्वांत जिवंत आठवण आहे ती सेगा या नाचात.

डचांनी सतराव्या शतकात मादागास्करहून माणसं पकडून आणली. पुढे फ्रेंचांनी मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेतूनही हजारोंना आणलं. १७२३ च्या फ्रेंच कायद्याने गुलाम म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता ठरली. वेगवेगळ्या मालकांच्या गुलामांनी एकत्र जमायलाही बंदी होती. तरीही ही माणसं रात्री जमत. शेकोटीवर रावान या डफासारख्या वाद्याचं बकऱ्याचं कातडं तापवून ताणत, बिया भरलेला माराव्हान हा खुळखुळा वाजवत आणि पावलं जमिनीलगत सरकवत नाचत. ही चाल पायातल्या बेड्यांमुळे आली, असं अनेक जण सांगतात. मला मात्र गाण्यांचं मोल जास्त वाटतं. फ्रेंचमधून घडलेल्या क्रिओल बोलीत जागच्या जागी रचलेल्या त्या ओळींत विरह असे, कष्ट असत, रागही असे. सरकारी नोंदवहीत मालमत्ता म्हणून उरलेला माणूस तिथे स्वतःबद्दल स्वतः बोलत होता.

तोवर बेट ब्रिटिशांकडे गेलं होतं. मुक्तीच्या वेळी त्यांनी भरपाई दिली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून अधिक. गुलामांच्या वाट्याला १८३९ पर्यंतची सक्तीची उमेदवारी, म्हणजे जुन्या मालकांकडेच राबणं आलं. उसाच्या मळ्यांवर मग हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर आले. त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. मॉरिशसच्या मराठी समाजाचा इतिहास इथून सुरू होतो, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

सेगाला प्रतिष्ठित समाजाने फार काळ हीन मानलं. १९६४ मध्ये ले मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या सेगा रात्रीत ‘ती फ्रेर’ या गायकाला ‘सेगाचा राजा’ म्हणून गौरवलं गेलं आणि नजरा बदलू लागल्या. पळालेल्या गुलामांनी ज्याच्या कडेकपारींत आसरा घेतला, तो हा डोंगर २००८ मध्ये जागतिक वारसा ठरला. २०१४ मध्ये युनेस्कोने सेगालाही मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या गुलामांच्या वंशजांना मात्र अमेरिकी लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात घरांतून हाकललं गेलं. त्यांचा सेगा २०१९ पासून युनेस्कोच्या तातडीने जपण्याच्या यादीत आहे.