पार्श्वभूमी : 'लाघव' आणि सोलापूरचं 'करलालास' ('करायला लागलास'चं बोलीतलं रूप)

'लघु'पासून 'लाघव' झालं, हे वेगळं सांगायला नको. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माएवढा आनंद होतो, हे वचनही अनेकांना पाठ आहे. गुंता सुरू होतो तो शब्द मराठीत मुरल्यावर. हस्तलाघव म्हणजे हाताची चलाखी. लाघवी माणूस म्हणजे गोड बोलून आपलंसं करणारा, मग तो तासभर बोलत बसला तरी लाघवीच. संतवाणीत पंढरपूरचा विठ्ठल लाघवी, तो लीला करतो म्हणून. कमी अक्षरांचा मूळ अर्थ उरला तो 'शब्दलाघवा'पुरता.

पुढे शाळेत सारांशलेखन आलं. उतारा एक तृतीयांश करा, हे माप ठरलं आणि सारांश, संक्षेप, लाघव हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून वापरात रुळले. ही सरमिसळ भाषेचं नुकसान करणारी आहे. संक्षेप करताना काहीतरी गाळावंच लागतं. लाघवात काहीच गळत नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या 'अच्' या एवढ्याशा संज्ञेत सगळे स्वर येतात, एकही बाहेर राहत नाही. त्रोटक लिहिणं तर आणखी निराळं, तिथे अर्थच अर्धा राहतो. परीक्षेत त्रोटक उत्तराला 'मुद्देसूद' म्हणून गुण मिळतात, तेव्हा मुलांनी हा फरक शिकायचा कुठे?

मराठी पत्रव्यवहाराला हा फरक चांगला कळत होता. 'सा. न. वि. वि.' एवढं वाचलं की 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' आपोआप मनात उमटतं. रा. रा., ति., चि., ता. क. यांचंही तसंच. सोलापुरात छापल्या जाणाऱ्या मराठी लग्नपत्रिकांत 'चि. सौ. कां.' आजही टिकून आहे.

तारेने हिशेबच बदलला. १८५५ पासून सामान्य माणसाला तार करता येऊ लागली आणि शब्द मोजून पैसे पडू लागले. 'आई सीरियस, ताबडतोब निघा' एवढ्यावर घरं हादरायची. काय झालं, कधी झालं, हे तारेत नसे, म्हणजे हा संक्षेपच. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, पण तोवर एसेमेस घरोघरी पोचला होता. त्यात रोमन लिपीला १६० अक्षरं आणि देवनागरीला जेमतेम ७०, त्यामुळे लोक मराठीही रोमन लिपीत लिहू लागले.

या सगळ्या काळात खरं लाघव सोलापूरच्या रस्त्यावर नांदत होतं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात 'काय करायला लागलास?' असं कुणी विचारत नाही. 'काय करलालास बे?' असं विचारतात. 'करायला लागलास'चं आठ अक्षरांचं काम 'करलालास'च्या पाचांत होतं. 'कर' धातू जागेवर आहे, क्रिया चालू असल्याची खूण आहे, समोरच्याला उद्देशून असलेला 'स' आहे. मुलीला विचारताना 'करलालीस' होतं, म्हणजे लिंगही शाबूत. या रूपाला अशुद्ध ठरवून मुलांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या गेल्या, बाहेरगावी त्याची टिंगल झाली. मात्र गाळलं काय, असं विचारलं तर एकही अर्थ दाखवता येत नाही. व्याकरणाच्या कसोटीवर हे रूप सारांशलेखनापेक्षा 'अच्'च्या अधिक जवळचं आहे.