पालिकेच्या हद्दीत मुलांचं सुट्टी शिबिर: परवानग्या, स्वयंसेवक आणि बसची कागदपत्रं

गोव्यात मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी शिबिर घ्यायचं ठरलं की सगळे आधी हॉल शोधायला धावतात. माझं सांगणं उलट आहे: आधी बस आणि माणसं पक्की करा. हॉल बदलता येतो. चाळीस मुलं सकाळी म्हापशाच्या स्टँडवर उभी असताना बस बदलता येत नाही.

अर्ज कोणी करावा? सोसायटी नोंदणी कायदा, 1860 खाली नोंदलेली संस्था, क्लब किंवा महिला मंडळ असेल तर काम सरळ होतं. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, कार्यकारिणीचा ठराव, पॅन कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत एकत्र ठेवा. वाड्यावरच्या पोरांचा नुसता गट असेल तर एखाद्या शाळेला किंवा नोंदणीकृत संस्थेला सोबत घ्या आणि अर्ज त्यांच्या लेटरहेडवर करा. पणजीत अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे जातो. मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को इथे पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. कांपाल, पेडे किंवा फातोर्ड्याचं क्रीडासंकुल हवं असेल तर तो अर्ज गोवा क्रीडा प्राधिकरणाकडे. अर्जात तारखा, वेळ, मुलांची संख्या, वयोगट आणि जबाबदार व्यक्तीचा फोन स्पष्ट लिहा. आवक क्रमांक घातलेली प्रत हातात आल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. लाऊडस्पीकरची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर तो वाजवता येत नाही.

स्वयंसेवक निवडताना उत्साहावर भुलू नका. केंद्र सरकारच्या 'माय भारत' या युवा पोर्टलवर 15 ते 29 वयाचे तरुण नोंदणी करतात, म्हणजे त्यात अठराच्या आतलेही असतात. त्यांना मदतीला जरूर घ्या, पण मुलांची जबाबदारी एकट्यावर टाकू नका. कॉलेजचे एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) विद्यार्थी हवे असतील तर त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला पत्र द्या; दोन वर्षांत 240 तास सेवा करायची असल्यामुळे तेही अशा कामाच्या शोधात असतात. प्रत्येकाकडून ओळखपत्राची प्रत, फोटो, घरचा नंबर आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला घ्या. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून निदान महिनाभर आधी सुरुवात करा. ओळखीचा आहे, चांगल्या घरचा आहे, म्हणून कोणालाही यातून सूट नको. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, अशा अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगा. 112 आणि चाइल्डलाइनचा 1098 हे नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेतच.

आता बस. कदंब या सरकारी वाहतूक महामंडळाची बस भाड्याने मिळते का हे संस्थेच्या पत्रासह आधी विचारा. खासगी बस घेत असाल तर आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती मागा आणि प्रत्येकीवरची मुदत स्वतः वाचा. विमा शिबिराच्या मधल्याच दिवशी संपत असेल तर ती बस नको. शाळेच्या बसला प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, वेग नियंत्रक (स्पीड गव्हर्नर) आणि अवजड वाहन पाच वर्षं चालवलेला चालक लागतो. भाड्याच्या बसलाही हीच कसोटी लावा. बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतून शाळांना मिळालेल्या बस, शाळेत ये-जा करण्यासाठी असतात, कोणाच्या तोंडी होकारावर त्या गृहीत धरू नका. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाड्यांतून पैसे घेऊन मुलं नेणं तर नकोच: ते परवान्याबाहेरचं काम आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. आंबोलीसारखं राज्याबाहेर जायचं असेल तर बसमालकाला विशेष परमिट काढायला वेळेत सांगा.

बसमध्ये चढताना एक यादी हवी. मुलाचं नाव, चढण्याचा थांबा, ॲलर्जी किंवा औषध, पालकांचे दोन नंबर आणि शेवटचा रकाना: 'संध्याकाळी न्यायला कोण येणार'. हा रकाना पालकांच्या संमतिपत्रावरूनच भरा. संध्याकाळी काका आले पण यादीत आजोबांचं नाव असेल तर आईला फोन लागेपर्यंत मूल स्वयंसेवकापाशीच राहील. काका रागावतील, रागावू देत. मुलं मोजायची ती उतरताना आणि पुन्हा चढताना, दोनदा, दोन वेगवेगळ्या माणसांनी.

उपक्रम ठरवताना ऊन बघा. मैदानी खेळ सकाळीच उरकलेले बरे. बोंडला प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असतं. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात रायबंदरहून फेरीबोटीने जाता येतं, पण गट नेण्यापूर्वी वन खात्याशी बोला. समुद्रावर न्यायचं तर जीवरक्षक असलेल्याच किनाऱ्यावर, आणि पाऊस सुरू झाला की पाण्यात उतरणं बंद. धबधबे आणि बंद पडलेल्या खाणींचे खड्डे यांचा विचारही नको. पावसाळ्यात जिल्हाधिकारी तिथे मनाई करतात.

शिबिर संपल्यावर हॉल ताब्यात देताना नुकसान नसल्याची सही त्याच दिवशी घ्या आणि अनामत रकमेची मूळ पावती फाईलमध्ये जपून ठेवा. मुलांच्या आजारांची माहिती असलेले फॉर्म मात्र कोणाच्या घरी पडून राहू देऊ नका. ते संस्थेच्या कपाटात, कुलपात ठेवा.