सिकलसेलची वाहक आणि फॅब्रीची ‘वाहक’

‘वाहक’ हा शब्द विदर्भात घराघरांत पोहोचवला तो सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारानं. रिपोर्ट ‘एएस’ (एक जनुक चांगलं, एक सिकलसेलचं) आला की सांगतात, पोरीला त्रास नाही, लग्न जुळवताना तेवढा मुलाचा रिपोर्ट बघा. सल्ला बरोबर आहे. पण हाच शब्द फॅब्री या दुर्मिळ आनुवंशिक आजाराच्या रिपोर्टवर असेल, तर त्याचा अर्थ तसा घेऊ नका.

सिकलसेलचा दोष 11 व्या गुणसूत्रावर असतो. वाहकाच्या प्रत्येक तांबड्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिनही असतं, म्हणून ती सावरते. फॅब्रीचा दोष एक्स गुणसूत्रावर. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद पडतो आणि कोणता, ते गर्भातच योगायोगानं ठरतं. मग काही पेशींत अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम तयार होतं, काहींत नाही. ज्यांत नाही, त्यांच्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या कचरा विघटित करणाऱ्या पिशव्यांत) जीबी-3 ही चरबी वर्षानुवर्षं साचते. म्हणूनच एकीचं हृदय बिघडतं, तर तिच्या सख्ख्या बहिणीला फारसं काही होत नाही.

हृदयाचं दुखणं फसवं असतं. डाव्या कप्प्याची भिंत जाड दिसली की बीपीवर खापर फुटतं. त्यात बायकांमध्ये भिंत जाड होण्याआधीच स्नायूत व्रण पडू शकतात, म्हणून टू-डी इको चांगला आला तरी एमआरआय लागतो. किडनीचंही तसंच: रक्तातलं क्रिएटिनिन बराच काळ ठीक दिसतं, तेव्हा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण तपासा. तरुण वयात पक्षाघाताचा झटकाही येऊ शकतो. डोळ्याच्या पारदर्शक पटलावर भोवऱ्यासारख्या रेषा दिसतात. नजर त्यानं जात नाही. मात्र अमियोडॅरोन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन या औषधांनीही तशाच रेषा येतात, तेव्हा चालू गोळ्या आधी विचाराव्यात.

दोन्ही आजारांत हातपाय दुखतात, आणि नागपुरात खरी चूक इथंच होते. सिकलसेलच्या रुग्णाची (‘एसएस’, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलसेलची) हाडं, पाठ, छाती ठणकते आणि हिमोग्लोबिन कमी असतं. फॅब्रीत तळहात-तळपाय जळतात, ताप आला किंवा मे महिन्याचं ऊन लागलं की जास्तच. घामही कमी येतो. ‘एएस’ असलेल्या बाईला असे झटके सहसा येत नाहीत. तेव्हा तिची जळजळ सिकलसेलच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. दोष आईकडून आलेला असू शकतो, म्हणून मामा डायलिसिसवर होता का, हेही विचारावं.

पुरुषात एन्झाइमची रक्ततपासणी पुरते. बाईत ती नॉर्मलही येते, म्हणून हे एन्झाइम बनवणाऱ्या जीएलए जनुकाचीच तपासणी हवी. वडिलांना फॅब्री असेल तर सगळ्या मुलींत दोष येतो, मुलग्यांत एकातही नाही. आईकडून प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता.

उपचार म्हणजे दर दोन आठवड्यांनी शिरेतून एन्झाइम: अगाल्सिडेज बीटा किलोमागे 1 मिलिग्रॅम किंवा अल्फा 0.2 मिलिग्रॅम. पडलेला व्रण त्यानं भरत नाही, म्हणून लवकर सुरू करण्याला महत्त्व. खर्च आवाक्याबाहेरचा आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, पण अर्ज नेमलेल्या रुग्णालयामार्फतच जातो. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. जाताना जनुकाचा रिपोर्ट, इको, एमआरआय आणि लघवीचा रिपोर्ट सोबत ठेवा.